बॅटरीची ये-जा आणि शून्याची खूण



समजा, आपल्या शाळेच्या छपरावर सोलर पॅनेल बसवले आहेत. त्यांची वीज २४ व्होल्टच्या तारेवर येते, आणि कोपऱ्यात १२ व्होल्टची, १०० अँपिअर-तासांची शिशाची बॅटरी ठेवली आहे. दिवसा उरलेली वीज बॅटरीत जायची आणि संध्याकाळी अभ्यासाला बसणाऱ्या मुलांच्या दिव्यांसाठी तीच परत यायची. पुन्हा भरता येणारी ही शिशाची बॅटरी फ्रान्समध्ये गास्ताँ प्लान्ते यांनी १८५९ साली तयार केली. मोठी कामाची, पण जपावी लागणारी वस्तू! प्रमाणाबाहेर भरली तर आतल्या पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजन सुटतो. रिकामी ठेवली तर पट्ट्यांवर सल्फेटचे कठीण स्फटिक धरतात आणि बॅटरी अकाली निकामी होते. तेव्हा किती वीज आत जावी आणि किती बाहेर यावी, यावर कुणाची तरी नजर हवी.

ही नजर ठेवतो मायक्रोकंट्रोलर, म्हणजे बोटाच्या पेराएवढा संगणक. त्याच्या हाताखाली दोन इलेक्ट्रॉनिक स्विच आणि तांब्याच्या तारेचे एक वेटोळे असते. वरचा स्विच वेटोळ्याचे टोक २४ व्होल्टला जोडतो, खालचा शून्याला. आळीपाळीने, सेकंदाला २०,००० वेळा! दोन्ही एकदम चालू झाले तर शॉर्टसर्किट होईल. म्हणून एक बंद झाल्यावर क्षणभर थांबूनच दुसरा चालू करतात.

आता गंमत पाहा. बॅटरीचा दाब १२.४ व्होल्ट आणि वाटेतला रोध ०.०५ ओहम धरा. वरचा स्विच जरा जास्त वेळ चालू ठेवून सरासरी दाब १२.९ केला, की १० अँपिअर बॅटरीत शिरतात. तोच ११.९ केला, की १० अँपिअर बाहेर पडतात. दोन वाफ्यांमधला पाट जवळजवळ सपाट असावा, आणि बोटभर उतार बदलताच पाणी उलटे वळावे, तसंच हे. भरण्याचे यंत्र वेगळे आणि उपसण्याचे वेगळे, असे मुळी नाहीच.

पण इतक्या थोड्या फरकाने दिशा बदलते, म्हणून अंदाज चालत नाही. प्रवाह सतत मोजावा लागतो. आपल्या प्रयोगशाळेतला मध्यशून्य गॅल्व्हानोमीटर आठवा. काटा उजवीकडे गेला तर एक दिशा, डावीकडे गेला तर दुसरी. मायक्रोकंट्रोलर ० ते ४०९५ असे आकडे वाचत असेल, तर त्याचे शून्य २०४८ च्या आसपास ठेवतात. वरचा आकडा म्हणजे भरणे, खालचा म्हणजे उपसणे. हवा तो प्रवाह आणि मोजलेला प्रवाह यांतली तफावत काढून तो स्विचची वेळ कमी-जास्त करतो, आणि हे सेकंदाला हजारो वेळा चालते.

इथंच एक मेख आहे. हे शून्य अर्ध्या अँपिअरने चुकले तर? बॅटरी स्वस्थ आहे असे यंत्राला वाटेल, आणि प्रत्यक्षात अर्धा अँपिअर गळत राहील. चोवीस तासांत १२ अँपिअर-तास गेले, म्हणजे बॅटरीचा जवळजवळ आठवा हिस्सा! म्हणून स्विच चालू करण्यापूर्वी, प्रवाह मुळीच नसताना, येणारा आकडा वाचून तोच शून्य म्हणून नोंदवायचा. मग दोन्ही दिशांच्या मर्यादा वेगवेगळ्या घालायच्या. अशा बॅटरीला भरताना साधारण १० अँपिअर पुरेत, आणि दाब १४.४ व्होल्टच्या आसपास पोचला की प्रवाह उतरवायचा.

शेवटी एक सांगतो. यंत्र कितीही हुशार असले तरी बॅटरीच्या तारेत फ्यूज हवाच, आणि बॅटरीच्या खोलीत हवा खेळती हवी. गुरुजींनी वर्गात गॅल्व्हानोमीटर, वेटोळे आणि लोहचुंबक घ्यावे. चुंबक आत सरकवताना आणि बाहेर काढताना काटा कसा वळतो, ते मुलांना दाखवावे. काटा आधी शून्यावर आहे ना, हे मात्र मुलांनाच तपासू द्यावे.