गाडीचे पाणी जाते कुठे?

मी कॉलेजात तर्कशास्त्र शिकवतो. तेव्हा मोटारीच्या दुरुस्तीवर या मास्तराने बोलावे हा अव्यापारेषु व्यापार झाला, असे कुणाला वाटले तर ते साहजिक आहे. गेल्या वर्षीच्या मे महिन्यापर्यंत माझेही मत तेच होते.

आमच्या घरी १९८६ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. वडिलांनी हौसेने घेतलेली. वडील गेले त्याला नऊ वर्षे झाली, पण गाडी विकायची गोष्ट काढली की आई उठून स्वयंपाकघरात जाते. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून निवृत्त झाली. त्या दिवशी धाकट्या भावाचा फोन आला, "दादा, आता तरी ती भंगारात घाल." मी हो म्हटले नाही, नाहीही म्हटले नाही.

तर गेल्या मे महिन्यात आईला घेऊन आम्ही वाईहून पाचगणीला निघालो होतो, माझ्या मावशीकडे. पसरणीच्या घाटात निम्म्यावर आलो असू. उष्णतेचा काटा बराच वेळ वर होता, तो एकाएकी खाली आला. मला बरे वाटले. आणि दोनच मिनिटांत बॉनेटच्या फटींतून पांढरी वाफ यायला लागली. गाडी कडेला घेतली, दगड लावला, बॉनेट उघडले आणि रुमाल हातावर गुंडाळून रेडिएटरचे झाकण फिरवायला गेलो. तेवढ्यात आई मागून ओरडली, "अरे थांब, कुकर आहे तो!"

मी हात मागे घेतला. आईने मोटार कधी चालवलेली नाही, परंतु चाळीस वर्षे कुकर लावला आहे. रेडिएटरचे झाकण म्हणजे कुकरचीच शिट्टी. आत पाणी दाबाखाली असते, म्हणून शंभर अंशांच्या वर जाऊनही ते उकळत नाही. झाकणाचा दाब चौरस सेंटिमीटरला अर्धा किलो असेल, तर समुद्रसपाटीला साधे पाणी सुमारे १११ अंशांपर्यंत तग धरते. झाकण सैल केले की दाब जातो, त्या तापलेल्या पाण्यातले काही एका क्षणात वाफ होते आणि उरलेले पाणी घेऊन तोंडावर येते. पाचगणीच्या उंचीवर तर हवेचा दाबच कमी, तिथे उघड्या भांड्यातले पाणी ९५-९६ अंशांना उकळते. म्हणजे घाटात झाकणाचे महत्त्व अधिकच. इंजिन अर्धा तास तरी निवू द्यावे, वरची नळी हाताला सोसवेल इतकी थंड झाली म्हणजे मगच झाकणाला हात लावावा. आणि तापलेल्या इंजिनात गार पाणी भसकन ओतू नये. ओतीव लोखंडाला तडा जाऊ शकतो.

आणि तो काटा खाली का आला? काट्याला खबर देणारा भाग पाण्यात बुडालेला असतो. पाणी त्याच्या खाली उतरले की तो वाफेत लोंबकळतो आणि खोटी साक्ष देतो. चढावर गाडी ओढत असताना काटा अचानक खाली आला तर खूश होऊ नका. उभे राहा.

पेट्रोल जळते तेव्हा सिलिंडरात क्षणभर २,००० अंशांच्या वर उष्णता होते. इंधनातल्या शक्तीपैकी सुमारे तिसरा हिस्सा नुसता पाण्यावाटे बाहेर टाकावा लागतो. वॉटर बॉडी, म्हणजे पाण्याचा पंप, ते पाणी इंजिनाभोवती फिरवतो आणि रेडिएटरमध्ये पंख्याचा वारा ते निववतो. हे चक्र मिनिटभर जरी कोरडे पडले, तरी सिलिंडरचे हेड वाकायला वेळ लागत नाही.

असो. त्या दिवशी अर्ध्या तासाने, घरून नेलेले प्यायचे पाणी थोडे थोडे घालत आम्ही पाचगणी गाठली. मी समजलो, संपले. खरे तर तिथून सुरू झाले.

साताऱ्याला परतल्यावर एका गॅरेजात गाडी दिली. त्यांनी रेडिएटर उतरवून झाळून दिला. पाणी जायचे थांबले नाही. मग वरच्या-खालच्या दोन्ही नळ्या आणि क्लिपा बदलल्या. पाणी जातच राहिले, रोज तांब्याभर. एका ट्रकवाल्याने सांगितले, चमचाभर हळद टाका, भोक बुजेल. हा उपाय आपल्या रस्त्यांवर फार जुना आहे, आणि आडरानात घरी पोचण्यापुरता तो कधी कधी चालतोही. परंतु हळदीला भोक कुठले आणि रेडिएटरची बारीक नळी कुठली, हे कसे कळावे? ती दोन्ही बुजवते. मी टाकली नाही, हे माझ्या शहाणपणापेक्षा आळसामुळे म्हणा. साडेचार हजार रुपये गेल्यावर गॅरेजवाले म्हणाले, "आता हेडचं पॅकिंगच गेलं असणार. इंजिन खोलावं लागेल." खर्चाचा आकडा ऐकला आणि भावाला फोन करायला मी मोबाइल हातात घेतला. आई ओट्यापाशी पाठमोरी उभी होती. मी फोन केला नाही. महिनाअखेरपर्यंत पाहू, म्हटले.

वडिलांच्या वेळचे एक मेस्त्री आहेत, आता सत्तरीच्या पुढचे. काम फारसे करत नाहीत. त्यांच्याकडे गाडी नेली. त्यांनी बॉनेट उघडलेसुद्धा नाही. आधी विचारले, "सर, पाणी उभ्या गाडीतनं जातं की चालत्या?"

मला सांगता येईना. अन्वय आणि व्यतिरेक, हे असताना ते असते आणि हे नसताना ते नसते, हा पाठ मी वीस वर्षे मुलांकडून घोकून घेतो आहे. आणि स्वतःच्या गाडीखाली एक पुठ्ठासुद्धा घालून पाहिला नव्हता.

त्या रात्री पुठ्ठा घातला. इंजिनाचे पुढचे टोक कुठे येते तिथे पेन्सिलीने खूण केली. सकाळी पुठ्ठा कोरडा. म्हणजे थंड आणि उभ्या गाडीतून पाणी जात नाही. दुसऱ्या दिवशी वीस किलोमीटर फिरवून आणली. पुठ्ठ्यावर दोन-चार थेंब, तेही मागच्या बाजूला. मी मोठ्या उत्साहाने सांगितले की गळती मागे आहे. मेस्त्री हसले. "सर, पाणी जिथं दिसतं तिथनं येतंच असं नाही. पुढं पंखा आहे ना."

मग हेडच्या पॅकिंगची शंका त्यांनी इंजिन न खोलताच तपासली. थंड गाडीचे झाकण काढून इंजिन चालू केले. पाण्यात बुडबुड्यांची रांग आली नाही. पॅकिंग फुटले असते तर सिलिंडरातला वायू पाण्यात शिरून बुडबुडे आले असते. ऑइलची पट्टी काढून पाहिली; ऑइल दुधाळ नव्हते. सायलेन्सरमधून सकाळची थोडी वाफ आली, इंजिन तापल्यावर ती थांबली. वाफेला धूर समजून डोंगरावर अग्नी असल्याचे ठरवणाऱ्याची फजिती न्यायशास्त्रात जुनी आहे. गॅरेजवाल्यांचीही थोडी तशीच झाली होती.

त्यानंतर इंजिन पुढून मागून घासून स्वच्छ केले, फडक्याने कोरडे केले. हे काम सर्वांत कंटाळवाणे आणि सर्वांत महत्त्वाचे. मळक्या इंजिनावर ओल शोधणे म्हणजे चिखलात पाऊल शोधणे. मेस्त्रींनी एका जुन्या झाकणाला सायकलच्या ट्यूबचा वॉल्व्ह झाळून ठेवला होता. ते झाकण बसवले, सायकलचा पंप लावला आणि अर्ध्या किलोपर्यंत दाब भरला. इंजिन बंद, पंखा थांबलेला, त्यामुळे थेंब उडून जायला वाव नाही. काचेवर टेकवतात तसा एक छोटा आरसा आणि विजेरी घेऊन आम्ही दोघे खाली वाकून बसलो.

पाच-सात मिनिटे काही नाही. मग वॉटर बॉडीच्या पोटाशी एक बारीक भोक आहे, त्यातून एक थेंब फुगला आणि पडला. थोड्या वेळाने दुसरा.

ते भोक कारखान्यातच ठेवलेले असते. पंपाच्या दांड्यावर एका बाजूला पाणी अडवणारे सील आणि दुसऱ्या बाजूला बेअरिंग, त्यांच्या मधोमध. सील झिजले की पाणी बेअरिंगमध्ये न शिरता त्या भोकातून बाहेर यावे आणि मालकाला खबर लागावी, एवढ्यासाठी. काही लोक तेच भोक एम-सीलने बुजवतात! आमच्या गाडीत काय होई, की इंजिन चालू असताना थेंब पडे, पंख्याचा वारा तो मागे फेकी आणि तापलेल्या लोखंडावर तो वाळून जाई. म्हणून डबके कधी दिसले नाही. भोकाखाली पांढरट क्षाराची एक रेघ मात्र होती. ती कुणी पाहिली नव्हती.

मेस्त्रींनी पंख्याचे पाते धरून पुढे-मागे हलवले. पंखा डुलत होता. "पट्टा कुणी ताणला?" मी गप्प. आदल्या हिवाळ्यात बॅटरी नीट चार्ज होईना, तेव्हा मीच पाना घेऊन फॅनबेल्ट ताणला होता, तंबोऱ्याच्या तारेसारखा. तो ताण बेअरिंगवर आला, बेअरिंग डुलू लागले आणि त्याने सील झिजवले. इतके दिवस मी गॅरेजला नावे ठेवत होतो.

पुढची दुरुस्ती एका दुपारची. वॉटर बॉडी उतरवून नवे सील, नवे बेअरिंग, नवे कागदी पॅकिंग. पट्टा अंगठ्याने मधोमध दाबला तर बोटभर दबेल इतकाच ताण. झाकणाचे रबर कडक झाले होते, म्हणून झाकणही नवे, पण तेवढ्याच दाबाचे. जास्त दाबाचे घातले तर जुन्या रेडिएटरची झाळ सुटते. विहिरीचे पाणी बंद करून शुद्ध पाणी आणि कूलंट निम्मे निम्मे घातले, हळूहळू, झाकण उघडे ठेवून आणि इंजिन थंड असतानाच चालू करून, म्हणजे आत हवा अडकत नाही. शेवटी पुन्हा सायकलचा पंप. अर्धा तास दाब हलला नाही. हे कूलंट चवीला गोड असते आणि विषारी असते. काढलेले पाणी गटारात किंवा अंगणात ओतू नका, कुत्री-मांजरे चाटतात आणि मरतात.

मेस्त्रींनी मजुरी घेतली, सुट्याची नोट परत केली आणि म्हणाले, "आता महिनाभर पुठ्ठा घाला खाली."

दिवाळीत पुन्हा पसरणीचा घाट चढलो. काटा मधोमध राहिला. आई मागच्या सीटवर होती, ती वळणा-वळणाला बॉनेटकडे पाही. पाचगणीचा बाजार आला तेव्हा म्हणाली, "आता चहा घेऊ कुठेतरी. आणि गाडी सावलीत लाव."