रानांतील बालकें आणि आपलें कर्तव्य

(सुवर्णमहोत्सवाच्या सभेंत दिलेलें व्याख्यान)



परमेश्वराचे उपकार आठवावे, पूर्वजांच्या श्रमांचें स्मरण करावें आणि पुढील वाटचालीसाठीं कृपा मागावी, हा महोत्सवाचा रिवाज होय. हीं तिन्ही कामें आज सकाळच्या पवित्र मिस्सेंत झालीं. आतां ह्या सभेंत चार शब्द बोलावे अशी महोत्सव मंडळाची इच्छा आहे, आणि त्यासाठीं आम्हीं जरा निराळा विषय निवडला आहे. आपल्या चंद्रपूर व गडचिरोली ह्या अरण्यमय जिल्ह्यांतील गोरगरिबांचें, विशेषतः त्यांच्या लेंकरांचें, आरोग्य हा तो विषय. देवळाच्या उत्सवांत दवाखान्याच्या गोष्टी कशाला, असें कोणी म्हणेल. त्यास आमचें उत्तर एवढेंच कीं, ज्या प्रभूचा हा उत्सव, त्यानें आजारी मनुष्यास पाहून वाट बदलली असें शुभवर्तमानांत कोठेंहि आढळत नाहीं.

शंभर मेंढरांतील एक हरवलें, हा दाखला आपण लहानपणापासून ऐकत आलों आहोंत. मेंढपाळाची माया, त्याची पायपीट, सांपडलेलें मेंढरूं खांद्यावर घेऊन येतांनाचा त्याचा आनंद, ह्यांचें वर्णन प्रवचनांतून पुष्कळदां होतें. परंतु एक मेंढरूं हरवलें, हें त्यास कळलें कसें? त्यानें मोजलें म्हणून कळलें. ज्यानें मोजलेंच नाहीं, त्यास नव्याण्णव काय आणि शंभर काय, दोन्ही सारखींच. मोजणें हें प्रेमाचें पहिलें पाऊल होय. आजच्या व्याख्यानाचें सार हेंच समजावें.

ख्रिस्तसभेला ही रीति नवी नाहीं. ट्रेंटच्या परिषदेनें १५६३ सालीं स्नानसंस्काराची व विवाहाची नोंद ठेवण्याचा नियम घालून दिला आणि पुढें दफनाचीहि नोंद होऊं लागली. राजाचा पुत्र असो वा मोलकरणीचें मूल असो, त्या वहींत प्रत्येकाला एकच ओळ मिळते. कोणत्याहि जुन्या धर्मग्रामाच्या दफनवहीचीं पानें चाळावीं, म्हणजे वयाच्या रकान्यांत वर्षांऐवजीं महिने आणि महिन्यांऐवजीं दिवस लिहिलेले वारंवार दिसतात. त्या ओळी वाचतांना मन जड होतें. परंतु ज्या वाडीचें नांव कोणत्याच वहींत नाहीं, तेथील लेंकरूं जन्मलें केव्हां आणि गेलें केव्हां, ह्याचा पत्ता आईबापांशिवाय कोणासच नसतो. त्याच्या मरणाचें कारण कोणी शोधीत नाहीं, आणि म्हणून पुढल्या वर्षीं त्याच्या भावंडालाहि तेंच मरण येतें.

ह्या अंधारांत आपल्याच भागांत एक दिवा लागला, त्याची हकीकत आपणां सर्वांस ठाऊक असली पाहिजे. २६ ऑगस्ट १९८२ रोजीं चंद्रपुरापासून गडचिरोली हा जिल्हा वेगळा झाला. त्यानंतर चार वर्षांनीं, १९८६ सालीं, डॉक्टर अभय बंग व डॉक्टर राणी बंग हें दांपत्य तेथें कामास आलें. अमेरिकेंतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठांत सार्वजनिक आरोग्याचें शिक्षण पुरें करून दोघें परतलीं होतीं. मोठ्या शहरांत नांवलौकिक मिळवणें त्यांस कठीण नव्हतें. त्यांनीं वैनगंगेपलीकडचें रान पत्करलें आणि ‘सर्च’ ही संस्था स्थापिली. सेवा आणि संशोधन हीं दोन्ही कामें एकाच जागीं, गरिबाच्या दाराशीं व्हावीं, असा त्यांचा संकल्प होता.

त्यांनीं आरंभीं लोकांस विचारलें, ऐकलें आणि मोजलें. दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची तपासणी राणीबाईंच्या पुढाकारानें झाली. शंभरांतील ९२ स्त्रियांस स्त्रीरोगाचा कांहीं ना कांहीं विकार होता, आणि त्यासाठीं पूर्वीं कधीं तपासणी झालेल्या स्त्रिया शंभरांत अवघ्या आठ होत्या. लाजेनें व लाचारीनें मुकाट्यानें सोसलेलें हें दुःख १९८९ सालीं इंग्लंडच्या ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय नियतकालिकांत छापून आलें, तेव्हां जगांतील विद्वानांस प्रथमच त्याची कल्पना आली. तोंपर्यंत गरीब स्त्रीचें आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, एवढाच विचार सर्वत्र होत असे.

मग बालकांची गणती झाली. त्यांच्या कामाच्या गांवांत १९८८ सालीं जन्मलेल्या दर हजार बालकांमागें १२१ बालकें वर्षाचीं होण्यापूर्वींच दगावत होतीं. न्युमोनिया हें त्याचें एक मोठें कारण. मूल किती जलद श्वास घेतें ह्यावरून हा रोग ओळखतां येतो. परंतु गांवच्या सुईणीस दहाबारांपलीकडे मोजतां येत नसलें तर? त्यांनीं सुईणीस दोष दिला नाहीं. तिच्या हातीं शोभेल असें साधन बनविलें. एका मिनिटाचें वाळूचें घड्याळ आणि त्याच्या जोडीला ओवलेले मणी. दहा श्वास झाले कीं एक मणी सरकवावा; वाळू संपण्यापूर्वीं ठराविक मणी ओलांडला, तर औषध सुरू करावें. गांवचींच माणसें शिकून औषध देऊं लागलीं आणि न्युमोनियानें होणारे मृत्यु निम्म्याहून अधिक कमी झाले. हें संशोधन १९९० सालीं प्रसिद्ध झालें.

तरीहि जन्मल्यापासून अठ्ठावीस दिवसांच्या आंतील बाळें जातच होतीं. त्या काळीं आपल्या रानांत बहुतेक बाळंतपणें घरींच होत. रुग्णालय दूर, पावसाळ्यांत वाट बंद, आणि ओल्या बाळंतिणीला व तान्ह्या जीवाला घराबाहेर काढावयाचें नाहीं अशी रूढी. तेव्हां बाळ दवाखान्यांत येत नसेल, तर दवाखानाच बाळाच्या झोपडींत नेला पाहिजे, असें ठरलें. ३९ गांवांतून थोडेंफार शिकलेल्या स्त्रिया निवडल्या गेल्या. त्यांस ‘आरोग्यदूत’ हें नांव मिळालें. बाळाचें वजन करणें, ताप पाहणें, त्याला उबेंत ठेवणें, जन्मतांच गुदमरलेल्या बाळास पिशवी व मुखवट्याच्या साहाय्यानें श्वास देणें, आणि जंतुसंसर्गाचीं चिन्हें दिसल्यास घरच्यांच्या संमतीनें प्रतिजैविकाची सुई टोंचणें, इतकें सारें त्या शिकल्या. आणखी ४७ गांवें तुलनेसाठीं ठेविलीं. तेथें नेहमींच्या सरकारी सेवा चालू होत्या. तिसऱ्या वर्षाअखेर आरोग्यदूतांच्या गांवांत नवजात बालकांचे मृत्यु तुलनेनें शेंकडा ६२ कमी झाले. डिसेंबर १९९९ मध्यें तें जगापुढें आलें. १९८८ सालीं १२१ असलेला बालमृत्यूचा आंकडा २००३ पर्यंत तीसपर्यंत खालीं आला होता.

खेड्यांतील बाईनें सुई टोंचावी, हें आरंभीं पुष्कळांस रुचलें नाहीं. शंका रास्तच होती, आणि केवळ सद्भावनेनें तिचें निरसन झालें नसतें. म्हणून प्रत्येक भेटीची नोंद झाली, ती पुन्हां तपासली गेली, आणि इतर गांवांशीं ताडून पाहिली गेली. आपल्या समाजांत दानधर्म कांहीं थोडा होत नाहीं. परंतु दिलेल्या दानानें किती जीव वांचले, हें विचारण्याची संवय आपणांस नाहीं. न मोजलेली दया देणाऱ्याच्या मनाचें समाधान करते. घेणाऱ्याचें दुःख हटलें कीं नाहीं, हें ती पाहतेच असें नाहीं.

लोकांस विचारण्यानें काय घडतें, ह्याचेंहि एक उदाहरण सांगूं. आमच्यासाठीं रुग्णालय बांधा, असें आदिवासी बांधवांनीं म्हटलें; परंतु मोठ्या इमारतींची, तेथील पांढऱ्या कपड्यांची व चालीरीतींची भीति त्यांनीं बोलून दाखविली. तेव्हां शोधग्राम येथें गोंडी गांवाच्या धर्तीवर झोपड्यांचें रुग्णालय उभें राहिलें आणि त्याला त्यांच्या दंतेश्वरी देवीचें नांव दिलें गेलें. आपण ख्रिस्ती आहोंत; आपला विश्वास आपल्याशीं. पण रोग्याच्या मनाचा मान राखण्याचा हा धडा प्रत्येक मिशन दवाखान्यानें गिरवावा असा आहे.

एका जिल्ह्यांतील हें ज्ञान तेथेंच राहिलें असतें, तर तें अर्धेंच फळलें असतें. तें पसरलें तें अनेकांनीं हात मिळविल्यामुळें. महाराष्ट्रांतील तेरा स्वयंसेवी संस्था एकत्र आल्या, त्यांनीं आपापल्या भागांतील बालमृत्यु मोजले, आणि सरकारी दप्तरांत पुष्कळ मृत्यूंची नोंदच नाहीं, हें २००१ सालच्या ‘कोवळी पानगळ’ ह्या अहवालांत दाखवून दिलें. पुढें सात संस्थांनीं ‘अंकुर’ ह्या नांवानें आरोग्यदूतांची तीच पद्धति आपापल्या गांवीं वस्त्यांत चालविली. बांगलादेशांतील सिल्हेट व पाकिस्तानांतील हाला येथेंहि घरभेटींच्या पद्धतीचे प्रयोग झाले. २००९ सालीं जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ ह्यांनीं नवजात बालकांसाठीं घरभेटींची संयुक्त शिफारस केली. आणि २०११ सालीं भारत सरकारनें हें काम देशभरच्या ‘आशा’ कार्यकर्त्यांवर सोंपविलें. आज घरीं जन्मलेल्या बाळाकडे बेचाळीस दिवसांत सात वेळां आणि रुग्णालयांत जन्मलेल्याकडे सहा वेळां आशाताईनें जावें, असा नियम आहे. जगाच्या ज्ञानाचा ओघ लंडन-न्यूयॉर्ककडून खेड्याकडे वाहतो अशी आपली समजूत असते. येथें तो आपल्या रानांतून जगाकडे वाहिला.

ह्या भूमीला अशा कामाची परंपराच आहे. वरोऱ्याजवळ बाबा आमटे ह्यांनीं आनंदवनांत महारोग्यांस हाताला काम व माथ्याला मान दिला. १९७३ पासून भामरागड भागांत हेमलकसा येथें डॉक्टर प्रकाश व डॉक्टर मंदाकिनी आमटे ह्यांनीं माडिया बांधवांची सेवा केली. आणि आपल्या ख्रिस्तसभेंतील एक उदाहरण तर अवश्य स्मरावें. सिस्टर मेरी ग्लौरी ह्या ऑस्ट्रेलियांतील डॉक्टर १९२० सालीं आजच्या आंध्र प्रदेशांतील गुंटूर येथें आल्या. एकेकटा दवाखाना कितीहि चांगला असला तरी तो एकटाच राहतो, हें जाणून त्यांनीं १९४३ सालीं कॅथोलिक रुग्णालयांचा संघ स्थापिला. आज ‘कॅथोलिक हेल्थ असोसिएशन ऑफ इंडिया’ ह्या नांवानें साडेतीन हजारांहून अधिक संस्था त्याच्या सभासद आहेत. रानांतील दोन खोल्यांच्या दवाखान्यांतील धर्मभगिनीला ह्या संघामुळें देशभर भगिनी लाभतात.

काम संपलें, असें मात्र कोणी समजूं नये. पावसाळ्यांत पर्लकोटेला पूर आला कीं भामरागडचा मार्ग आजहि तुटतो. महाराष्ट्रांतील हिवतापाचा मोठा भार अजून गडचिरोलीच वाहते. २०११ च्या जनगणनेप्रमाणें देशांत दहा कोटींहून अधिक आदिवासी आहेत; त्यांच्या आरोग्याचा विचार करणाऱ्या तज्ज्ञ समितीनें २०१८ सालीं जो अहवाल दिला, त्यांत इतर समाजाच्या मानानें ते किती मागें पडले आहेत, हें स्पष्ट झालें आहे.

म्हणून ह्या महोत्सवाच्या निमित्तानें तीन गोष्टी आम्ही आपल्यापुढें मांडतों.

पहिली गोष्ट नोंदीची. आपल्या प्रत्येक वाडींत एक वही असावी. जात वा धर्म न पाहतां, घरच्यांच्या संमतीनें, तींत प्रत्येक बाळाचा जन्म आणि पांच वर्षांच्या आंतील प्रत्येक मूल गेल्याची नोंद व्हावी, आणि दर महिन्यास ती आशाताईच्या नोंदीशीं ताडून पाहावी.

दुसरी गोष्ट मानाची. आशाताईला नोकरीचा पगार नाहीं. मानधन व कामागणिक मोबदला मिळतो. ती दाराशीं आली तर तिला पाट द्यावा, पाणी द्यावें, तिचें ऐकावें. आपल्या धर्मभगिनींनीं तिच्या शंका सोडवाव्या आणि आपल्या दवाखान्याचे आंकडे इतर संस्थांपुढें मोकळेपणानें ठेवावे.

तिसरी गोष्ट पैशाची. महोत्सव निधींतून प्रवेशद्वारावर कमान उभारावी अशी सूचना आली आहे. कमानीस आमचा विरोध नाहीं. देवाचें दार सुंदर असावें. परंतु त्या निधीचा अर्धा भाग, पावसाळ्यांत अडलेल्या बाईला व आजारी बाळाला रुग्णालयापर्यंत नेण्याच्या खर्चासाठीं राखून ठेवावा, अशी आमची विनंती आहे. येत्या रविवारीं मंडळाच्या सभेंत ह्याचा निर्णय होईल. मत देण्यापूर्वीं आपण प्रत्येकानें घरीं जाऊन आपल्या लेंकरांच्या तोंडाकडे एकवार पाहावें.

ज्यानें स्वतः गोठ्यांत जन्म घेतला आणि ज्याच्या जन्मसमयीं गणती चालू होती, तो प्रभु ह्या रानांतील प्रत्येक झोपडीवर आपली कृपा वर्षवो, आणि एकहि लेंकरूं आपल्या गणतीबाहेर राहूं नये एवढी बुद्धि आपणां सर्वांस देवो. आमेन.