हजेरी क्रमांक



"तू नक्की काम काय करतेस गं?" सकाळपासून चौघांनी विचारलं. थोडक्यात सांगते.

चाकणच्या कारखान्यात खरेदीचा हिशेब एका सॉफ्टवेअरमध्ये, गोदामाचा दुसऱ्यात आणि सुटे भाग पुरवणाऱ्या भोसरीच्या वर्कशॉपचा एक्सेलमध्ये. यांना एकमेकांशी बोलतं करणं म्हणजे डेटा इंटिग्रेशन. पूर्वी प्रत्येक जोडीसाठी वेगळा प्रोग्राम लिहायचो. ५ सॉफ्टवेअर असली की १० जोड्या. आता क्लाउडवरच्या एकाच प्लॅटफॉर्मला प्रत्येकाला जोडायचं, निरोप तिथून पुढे जातात. १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींवर उलाढाल असलेल्यांना ई-इन्व्हॉइस सक्तीचं झालं, तेव्हा छोट्या वर्कशॉपनाही हे टाळता येईना.

सोपं वाटतं ना? मलाही वाटलं होतं. एकदा एक्सेल फाइलमध्ये पार्ट नंबरच्या सुरुवातीची शून्यं गळाली. ००४५२ चा ४५२ झाला. गोदामाच्या यादीत तसा भागच नव्हता. माल गेटवर अडकला, टेम्पोवाला रात्रभर ताटकळला. चूक माझीच, नंबर तपासायची सोय मी ठेवली नव्हती. ती पकडली गोदामातल्या काकांनी, आपल्या वहीत बघून.

आपल्या वर्गात एकाच नावाच्या तिघी होत्या. बाई हजेरी क्रमांकानेच घ्यायच्या, म्हणून कधी घोळ झाला नाही. कारखाना चालवणाऱ्या मित्रांनो, प्लॅटफॉर्म घेण्याआधी सगळ्यांची यादी एक करा. आणि त्या बैठकीला गोदामातल्या काकांना बोलवा.

बाई, हा धडा तुम्ही पाचवीतच दिला होता. मीच मधे विसरले.