पदकाआधीची माणसं



 राज्यभरातून या परिषदेला आलेल्या शारीरिक शिक्षण संचालक, मार्गदर्शक आणि क्रीडाशिक्षकांपैकी बहुतेक जण लहान विद्यापीठांत किंवा त्यांच्याशी संलग्न महाविद्यालयांत काम करतात. २००४ साली एकाच जिल्ह्यासाठी उभं राहिलेलं सोलापूरचं विद्यापीठ घ्या, की २०११ मध्ये चंद्रपूर-गडचिरोलीसाठी स्थापन झालेलं गोंडवाना विद्यापीठ घ्या. मुंबई-पुण्याइतका पैसा इथे नाही, तेवढी महाविद्यालयं नाहीत, दर मैलावर प्रशिक्षकही नाही. तरीही मुलं धावतात, कुस्त्या मारतात, वजन उचलतात. कुणाच्या जोरावर? आज मला एवढ्याच प्रश्नावर बोलायचं आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. लहान विद्यापीठाचा खेळ अनुदानावर जगत नाही, तो भोवतालच्या माणसांवर जगतो. पण ही माणसं आपल्याला पदक मिळाल्यावर भेटतात, सत्काराच्या मांडवात. ती आधी भेटायला हवीत, आणि त्यासाठी पहिलं पाऊल आपण टाकायला हवं.

खाशाबा जाधवांची कथा आपल्याला पाठ आहे, पण या दृष्टीनं ती पुन्हा बघा. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा पैलवान कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचा विद्यार्थी. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला तो गेला तो कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीनं, आणि सहावा आला. १९५२ ला हेलसिंकीला जायची वेळ आली तेव्हा पैशांची पुन्हा तीच अडचण. गावानं वर्गणी काढली, कराडकरांनी हातभार लावला, आणि कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. त्या काळचे सात हजार! एका प्राचार्यानं आपल्या माजी विद्यार्थ्यासाठी डोक्यावरचं छप्पर गहाण टाकलं. खाशाबांनी कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. मग कराड स्टेशनापासून गोळेश्वरपर्यंत १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. मिरवणुकीनंतरचं मात्र आपण फारसं सांगत नाही. खाशाबांनी कोल्हापुरात कुस्त्या लढून पैसे जमवले आणि खर्डेकर सरांचं कर्ज फेडलं.

या गोष्टीतल्या बैलगाड्या आपण उचलल्या. आजही पदकविजेता गावात आला की जीप सजते, ढोल वाजतात, चौकात फलक लागतात, आणि ते लागायलाच हवेत. पण घर गहाण ठेवणं ही मिरवणुकीच्या आधीची कृती होती. पोरगा जिंकेल की नाही हे कुणालाच ठाऊक नसताना केलेली. ज्याला आपण समाजाचा पाठिंबा म्हणतो तो हाच.

असा पाठिंबा आपल्या मातीत आजही जिवंत आहे, आणि तो बहुतेक वेळा विद्यापीठाच्या कुंपणाबाहेर असतो. शिरोळ तालुक्यातलं कुरुंदवाड घ्या. २०१४ च्या ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेत भारोत्तोलनात कांस्यपदकं मिळवणारे ओंकार ओतारी, गणेश माळी आणि चंद्रकांत माळी हे तिघेही या एका छोट्या गावाचे. सांगलीचा संकेत सरगर हा शिवाजी विद्यापीठाचा विद्यार्थी, वडिलांची पानटपरी आणि चहाचा गाडा. ३० जुलै २०२२ ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात त्यानं स्नॅचमध्ये ११३ किलो उचलले, क्लीन अँड जर्कमध्ये पहिल्याच प्रयत्नात १३५. मग १३९ ला कोपर गेलं. त्याच कोपरानं तो तिसऱ्या प्रयत्नालाही उभा राहिला, पण वजन वर गेलं नाही. एकूण २४८ किलो, आणि सुवर्ण मिळवणाऱ्या मलेशियाच्या खेळाडूचे २४९. एक किलोनं सुवर्ण हुकलं, तरी त्या स्पर्धेतलं भारताचं पहिलं पदक त्याचंच होतं. त्याची धाकटी बहीण काजलही भारोत्तोलक, खेलो इंडिया युवा स्पर्धेतली सुवर्णविजेती. टपरीवर बसणाऱ्या एका बापानं दोन लेकरांचा खुराक चालवला. हे गणित ज्यांनी कधी मांडलं असेल त्यांना त्याचं मोल कळेल: रोजचं दूध, अंडी, बदाम, जाण्या-येण्याचं भाडं, आणि वर दुखापत झाली तर फिजिओचा खर्च.

माळशिरस तालुक्यातल्या वेळापूरचंही नाव घेतो. तिथल्या खो-खोच्या मैदानावर तयार झालेला रामजी कश्यप जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय संघात होता. गावानं खेळ धरून ठेवला म्हणून खेळाडू घडला.

आता आपल्या घराकडे वळतो. आपल्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा कशा होतात, तुम्ही रोज बघता. सकाळी फक्की मारून मैदान आखलं जातं, पाहुणे येतात, नारळ फुटतो, दीपप्रज्वलन, भाषणं. अकरा वाजता ऊन डोक्यावर आलं की सामने सुरू. बघायला कोण? पुढच्या सामन्याची वाट बघणारा संघ, दोन पंच, एक शिपाई, आणि ज्यांना तास बुडवायचा आहे अशी काही मुलं. पण कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम आणि दिलबहार तालीम यांचा फुटबॉल सामना असला की लोक तिकीट काढून हजारोंनी येतात. पेठांमध्ये आठवडाभर आधीपासून दुसरा विषय नसतो. याच कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. म्हणजे लोकांना खेळ नको आहे असं नाही. त्यांना महाविद्यालयांचा खेळ आपला वाटत नाही, कारण आपण त्यांना कधी बोलावलंच नाही. सामना कधी आहे, कुणाशी आहे, आपल्या गल्लीतली कोणती पोरगी त्यात खेळते आहे, हे गावाला कळतं निकाल छापून आल्यावर, आणि तेही वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर चार ओळींत.

अमेरिकेत लहान महाविद्यालयांचा खेळ लोक कसा उचलून धरतात, याचं एक उदाहरण माझ्या मनातून जात नाही. अलाबामा राज्यात बर्मिंगहॅम-सदर्न नावाचं एक छोटं महाविद्यालय होतं, १८५६ पासूनची परंपरा असलेलं. तिथल्या क्रीडा व्यवस्थेत ते तिसऱ्या श्रेणीत खेळायचं. या श्रेणीत खेळासाठी शिष्यवृत्ती देता येत नाही, मुलं खेळायचं म्हणून खेळतात. संस्था कर्जात बुडाली, राज्याकडून कर्ज मिळण्याची आशा मावळली, आणि ३१ मे २०२४ ला ती कायमची बंद होणार असं जाहीर झालं. त्याच सुमारास त्यांचा बेसबॉल संघ एकेक फेरी जिंकत राष्ट्रीय अंतिम स्पर्धेसाठी ओहायोला पोहोचला. महाविद्यालय बंद पडलं त्या दिवशी ते पहिला सामना हरले. दुसऱ्या दिवशी, ज्या संस्थेचं नाव छातीवर होतं ती अस्तित्वात नसताना, ते पुढचा सामना ९-७ असा जिंकले. तिसऱ्या दिवशी ११-१० नं हरून त्यांचा मोसम संपला. मग त्यांचा प्रवास, राहणं, जेवण कुणी भागवलं? लोकांनी. माजी विद्यार्थ्यांनी आणि कधी त्या आवारात पाऊलही न टाकलेल्या लोकांनी मिळून एक लाख डॉलरहून अधिक वर्गणी जमवली. संस्था वाचली नाही, आणि ते दुःख मोठं आहे. पण संघ अर्ध्या वाटेवरून परत आला नाही. त्या संघाला आपलं मानणारी माणसं होती म्हणून हे झालं. संकटात धावून येणारे लोक आयत्या वेळी गोळा करता येत नाहीत.

आपल्याकडे एक वेगळी अडचण आहे आणि ती मी लपवणार नाही. आपला चांगला खेळाडू आपल्याकडे टिकत नाही. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे बारावीनंतर सैन्यात गेला आणि तिथे तो स्टीपलचेसचा धावपटू झाला. राष्ट्रकुल रौप्य, आशियाई सुवर्ण, पॅरिस ऑलिंपिकची अंतिम फेरी, हे सगळं त्यानं सैन्याच्या पाठबळावर मिळवलं. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे घडला राज्याच्या क्रीडा प्रबोधिनीत, त्याला नोकरी दिली रेल्वेनं, आणि २०२४ ला पॅरिसमध्ये त्यानं नेमबाजीत कांस्यपदक मिळवलं. पोराला नोकरी हवी असते. आंतरविद्यापीठ स्पर्धेच्या प्रमाणपत्रासाठी, पाच टक्के खेळाडू आरक्षणासाठी मुलं आपल्याकडे येतात, यावर काही जण नाक मुरडतात. मला त्यात काहीही कमी वाटत नाही. शेतकऱ्याच्या मुलानं खेळातून पोट भरायचा विचार केला तर त्याचं आपण स्वागत करावं. पहाटे साडेपाचला आपल्या मैदानावर कोण असतं ते आठवा: पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं आणि पोरी. मुलं सोळाशे मीटरची वेळ लावतात, मुली आठशेची, एकाच्या हातात मोबाइल आणि बाकीचे त्याला वेळ विचारत फेऱ्या मारतात. यातली अनेक आपल्या पटावर नाहीत. काही ठिकाणी तर रखवालदार त्यांना हाकलतो. मी म्हणतो, त्यांना आत घ्या. त्यांच्यातलाच एखादा उद्याचा साबळे असेल, आणि नसला तरी त्याचे आईबाप, त्याचा मामा, त्याची अख्खी वाडी तुमच्या मैदानाला आपलं म्हणायला लागेल.

मुलींबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं. त्र्यंबकेश्वरच्या डोंगराळ भागातल्या सावरपाड्याची कविता राऊत २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्य आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य जिंकली. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ ला रिओत स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली आणि दहावी आली. पी. टी. उषानंतर ३२ वर्षांनी ऑलिंपिकच्या धावमार्गावर वैयक्तिक प्रकारात अंतिम फेरी गाठणारी ती पहिली भारतीय महिला. ही नावं आपण भाषणांत घेतो. पण तुमच्या महाविद्यालयातली कबड्डीची चढाईपटू विभागीय स्पर्धेला का आली नाही, याचं कारण बहुतेक वेळा तिच्या दमात नसतं. संघ रात्री साडेनऊला परत येणार, एसटी स्टँडवरून वस्तीवर तिला कोण नेणार, हा प्रश्न असतो. इथे बसलेल्या कितीतरी संचालिका आहेत ज्या स्वतः मुलीच्या घरी गेल्या, ओसरीवर बसल्या, आजीशी बोलल्या, चहा घेतला, आणि "मी स्वतः दारात आणून सोडते" असा शब्द देऊन परवानगी घेऊन आल्या. या कामाचा तासिकेत हिशेब नाही, अहवालात रकाना नाही. मुलींच्या खेळाला समाजाचा पाठिंबा मिळतो तो या ओसरीवर. ज्या आजीनं परवानगी दिली तिला सामन्याला बोलवा, पहिल्या रांगेत खुर्ची द्या. पुढच्या वर्षी त्या वस्तीतून तीन मुली येतील, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

पैशांबद्दल स्पष्ट बोलतो. लोक द्यायला तयार असतात; त्यांना हिशेब हवा असतो. दूध संघ, पतसंस्था, बाजार समितीतले व्यापारी, परगावी स्थिरावलेले माजी विद्यार्थी यांच्याकडे जाताना "खेळासाठी काहीतरी द्या" असं म्हणू नका. सांगा की चार भारोत्तोलकांचा वर्षभराचा खुराक इतका आहे, मुलींच्या संघाच्या परतीच्या गाडीचं भाडं इतकं आहे. आणि दर महिन्याला जमाखर्च फळ्यावर लावा, अशा जागी की फिरायला आलेल्या माणसाला वाचता येईल. गणपतीची वर्गणी देणारा दुकानदार पावतीसाठी थांबतो, मग तुमच्याकडून त्यानं पावतीची अपेक्षा का ठेवू नये? स्मृतिचिन्हं, शाली आणि फलक यांवरचा खर्च निम्मा करता आला तर तो जरूर करा. विद्यापीठांच्या कुलगुरूंनाही माझी विनंती आहे की 'अश्वमेध' या आंतरविद्यापीठ क्रीडा महोत्सवाच्या संघाला निघायच्या आदल्या दिवशी ट्रॅकसूट मिळण्याची पद्धत आता बंद व्हावी. सराव शिबिराच्या पहिल्या दिवशी किट हातात पडलं पाहिजे.

सहकाऱ्यांनो, या परिषदेत ठराव होतील, निबंध वाचले जातील. माझं मागणं त्याहून साधं आहे. येत्या मोसमात तुमच्या महाविद्यालयातला किमान एक सामना संध्याकाळी, ऊन उतरल्यावर ठेवा. खेळाडूंची नावं त्यांच्या गावासकट आठ दिवस आधी एसटी स्टँडवर, ग्रामपंचायतीत, दूध डेअरीवर लावा. फाटक उघडं ठेवा, तिकीट नको, भाषण नको. खेळाडूंच्या आईवडिलांना तुम्ही स्वतः फोन करा. आणि किती माणसं आली ते पुढच्या वर्षी याच परिषदेत उभं राहून सांगा. पन्नास आली असतील तरी सांगा.