चेहऱ्याला लेसर लावायच्या आधी

(प्रभाग संघाच्या मासिक सभेतील भाषण, नेवासा)



आज बचत आणि कर्जफेड बाजूला ठेवू. आज चेहऱ्यावर बोलायचंय. हसू नका! लग्नसराई जवळ आली की गटात अंतर्गत कर्जाची मागणी वाढते. कपडे, भांडी यांच्या जोडीला आता 'पोरीच्या तोंडाला लेसर करायचंय' हेही कारण ऐकू येतं. कुणाला हनुवटीवरचे केस काढायचेत, कुणाला गालावरचे वांग, कुणाला मुरमांचे खड्डे. त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण घाई केली तर पैसाही जातो आणि तोंडावर नवा डाग बसतो.

आधी हे यंत्र काय करतं ते समजून घ्या. उन्हात पांढऱ्यापेक्षा काळं लुगडं जास्त तापतं ना? लेसरचं तसंच आहे. त्याचा प्रकाश केसातल्या काळ्या रंगावर पडतो, तिथं उष्णता होते आणि केसाचं मूळ भाजतं. पण आपली कातडी सावळी. तोच रंग कातडीतही असतो. यंत्र चुकीचं असलं किंवा ताकद जास्त लावली, तर मुळाआधी कातडीच भाजते. मग फोड येतो आणि मागे काळा डाग राहतो, तो महिनोन्महिने जात नाही. सावळ्या कातडीला एनडी-याग नावाचा लेसर त्यातल्या त्यात सुरक्षित मानतात. पण तोही जाणत्या हातातच.

म्हणून यंत्र सगळ्यात शेवटी. त्याआधी तीन कामं करा.

पहिलं काम, कारण शोधा. हनुवटीवर अचानक राठ केस आले आणि पाळी पुढेमागे होत असली, तर आधी तपासणी करून घ्या. पीसीओएस असेल तर नुसत्या लेसरनं केस थांबत नाहीत. वांग ऊन, बाळंतपण, गर्भनिरोधक गोळ्या यांनी वाढतात, चुलीच्या धगीनंही वाढू शकतात. त्यावर लेसर हा पहिला उपाय नाही. कधी कधी लेसरच्या उष्णतेनं वांग आणखी काळे होऊन परत येतात. आणि तीळ वाढत असेल, रंग बदलत असेल, रक्त येत असेल, तर पार्लरमध्ये जाळून घेऊ नका. डॉक्टरांना दाखवा.

दुसरं काम, घरातली क्रीम बघा. ट्यूबवर बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यातलं नाव असेल तर ते स्टेरॉइड आहे. आठ दिवस चेहरा उजळल्यासारखा वाटतो. पुढे कातडी पातळ होते, लाल पडते, मुरमं येतात, केससुद्धा वाढतात. म्हणजे क्रीमनं केस आणायचे आणि लेसरनं काढायचे! अशी 14 स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत, असा नियम केंद्र सरकारनं 2018 साली केला. तरी ती मिळतातच. नाव-पत्ता नसलेली क्रीम तर हातात धरू नका. अकोल्याच्या एका घरातल्या मायलेकी, तिघीही, अशी गोरेपणाची क्रीम लावून मूत्रपिंडाच्या आजारानं पडल्या. मुंबईच्या केईएम रुग्णालयात क्रीममधला पारा सापडला. 2023 च्या जानेवारीत वर्तमानपत्रांत ही बातमी आली होती. बरेच दिवस स्टेरॉइड लावत असाल तर एकदम बंद करू नका, डॉक्टरांना विचारून कमी करा.

तिसरं काम, दिवस मोजा. चेहऱ्याच्या केसांना साधारण सहा ते आठ बैठका लागतात, दोन बैठकांत चार ते सहा आठवडे जातात. वैशाखातलं लग्न असेल तर गणपतीतच सुरुवात करा. लग्नाच्या पंधरा दिवस आधी कोणतंही यंत्र नको. ऊसतोड, कांदा काढणी, खुरपणी यातलं काम चालू असताना, चेहरा उन्हानं रापलेला असताना लेसर करायचं नाही. चालू असेल तोवर एसपीएफ 30 किंवा जास्तीचं सनस्क्रीन, वरून जाड स्कार्फ. केसांच्या लेसरआधी थ्रेडिंग, वॅक्सिंग बंद, कारण मूळच उपटलं तर लेसर भाजणार काय? वस्तरा चालतो. पिकलेल्या केसांवर लेसरचा उपयोग होत नाही. गरोदरपणात थांबा.

हे झालं की डॉक्टरांकडे जा. लोणीला प्रवरा रुग्णालयात, संभाजीनगरला घाटीत त्वचारोग विभाग आहे. खासगीत गेलात तर पदवी त्वचारोगाची आहे का पाहा. नोंदणी क्रमांक महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेच्या वेबसाइटवर तपासता येतो. तिथं न लाजता विचारा: यंत्र कोणतं? सावळ्या कातडीवर ते वापरता का? हात कुणाचा, तुमचा की मदतनिसाचा? आधी कानाजवळ छोट्या जागेवर चाचणी कराल का? ती जागा काही दिवस बघूनच पुढे जा. डोळ्यांवर संरक्षक चष्मा लागतोच. सगळ्या बैठकांचे पैसे एकदम भरू नका, दर वेळी पावती घ्या.

भाजलंच तर वीस मिनिटं साधं गार पाणी. बर्फ, टूथपेस्ट, हळद नको. त्याच दिवशी डॉक्टर गाठा, फोटो काढून ठेवा.

पार्लर चालवणाऱ्या ताईंनो, हप्त्यावर स्वस्त लेसर यंत्र देणारे तुम्हालाही गाठतील. गिऱ्हाइकाचा चेहरा भाजला तर कंपनीचा माणूस फोन उचलणार नाही, दारात उभं राहायचंय तुम्हाला. थ्रेडिंग, फेशियल, वधूची तयारी हे तुमचं काम आहे, ते मानानं करा. लेसर डॉक्टरांवर सोडा.

आणि 'पोरगी सावळी आहे' म्हणून कर्ज मागायला कुणी आलं, तर अध्यक्ष-सचिवांनी दोन शब्द बोलावेत. सावळेपणा हा आजार नाही. त्याला कर्ज लागत नाही.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं घरातली चेहऱ्याची क्रीम घेऊन या. ट्यूबवर काय लिहिलंय ते सगळ्या मिळून वाचू.