चौदावा खंड कोणाचा?



चातुर्मासात पोथी ऐकायला बसणाऱ्याला शेवट ठाऊक असतो. कंस मरणार हे माहीत असूनच माणसं रोज येतात, आणि ‘बुवा, जरा आटपतं घ्या’ असं कोणी म्हणत नाही. आज ज्या प्रकाराबद्दल, म्हणजे खंडाखंडांनी निघणाऱ्या अद्भुत कादंबऱ्यांबद्दल, मी बोलणार आहे, तिथे सगळं उलट. शेवट एकट्या लेखकाच्या डोक्यात असतो. खंड दोन-तीन वर्षांनी एक निघतो. तेवढ्यात वाचकाची शाळा संपते, नोकरी लागते, लग्न होतं, आणि तो अजून विचारतोच आहे : पुढचा भाग कधी? आता असा शेवट पोटात घेऊन लेखकच गेला, तर?

अमेरिकेत हे घडलं आहे. पुस्तकमालेचं नाव ‘द व्हील ऑफ टाइम’ आणि लेखक रॉबर्ट जॉर्डन. हे टोपणनाव. गृहस्थांचं खरं नाव जेम्स ऑलिव्हर रिग्नी, जन्म १९४८, गाव साउथ कॅरोलायनातलं चार्ल्स्टन. व्हिएतनामच्या युद्धात हेलिकॉप्टरमधून मशीनगन चालवलेला माणूस. परतल्यावर पदार्थविज्ञानाची पदवी घेतली, नौदलाच्या अणुभट्ट्यांचं काम केलं आणि मग लेखनाला लागला. जानेवारी १९९० मध्ये पहिला खंड आला, ‘द आय ऑफ द वर्ल्ड’. कालचक्र फिरतं, युगं येतात-जातात-परत येतात, ही त्यातली मूळ कल्पना त्यांनी हिंदू कालविचारातूनही घेतली होती. म्हणून आपण छाती फुगवायचं कारण नाही. त्यात नॉर्स पुराणंही आहेत, आर्थर राजाही आहे. पण आपल्याकडचा वाचक त्या जगात शिरताना उंबरठ्यावर अडखळत नाही, एवढं खरं.

पहिले पाच-सहा खंड घोड्यासारखे धावतात. मग मालिका जड होते. कशी, ते एका उदाहरणाने सांगतो. पेरिन नावाचा एक लोहार आहे, नायकाचा बालमित्र. त्याच्या बायकोला शत्रूची टोळी पळवून नेते. हे घडतं आठव्या खंडाच्या अखेरीस, १९९८ साली. तिची सुटका होते अकराव्या खंडात, २००५ साली. कथेतल्या पंचांगात मधे जेमतेम काही महिने जातात. वाचकाच्या भिंतीवर मात्र सात कॅलेंडरं बदललेली. दहावा खंड, ‘क्रॉसरोड्स ऑफ ट्वायलाइट’, तर याची कमाल आहे. नवव्या खंडाच्या शेवटी नायक रँड एक प्रचंड काम करतो : पुरुषांच्या वाट्याच्या जादूवर जो डाग होता, ज्याने ती वापरणारा प्रत्येक पुरुष अखेर वेडा व्हायचा, तो धुऊन काढतो. वाचक उसळून दहावा खंड उघडतो. आणि लेखक काय दाखवतो? त्याच सुमारास बाकीची मंडळी कुठे होती, कोण काय करत होतं आणि दूरवरचा तो जादूचा उजेड कोणाकोणाला जाणवला. सातशेच्या घरातली पानं, आणि गोष्ट जवळजवळ जागेवरच.

टीकाकार याला लेखकाचा आळस म्हणाले, काहींनी पैशाचा लोभही म्हटलं. मला दोन्ही पटत नाही. ही या प्रकाराची अंगभूत अडचण आहे. तुम्ही एक पात्र आणता, त्याला स्वतःची नजर देता, म्हणजे त्याच्यासाठी प्रकरणं द्यावी लागतात. अशी वीस पात्रं झाली की एकाला पुढे सरकवण्याआधी उरलेल्या एकोणिसांना त्याच तारखेपर्यंत आणावं लागतं. जॉर्डन यांनी तारखा जुळवायचा प्रामाणिक प्रयत्न केला आणि त्या जुळणीतच एक अख्खा खंड खर्ची पडला. अशीच दुसरी मालिका लिहिणारे जॉर्ज मार्टिन, त्यांचंही यातच अडलं. त्यांचा पाचवा खंड २०११ चा. २०१९ मध्ये दूरचित्रवाणीने कथेचा शेवट दाखवून टाकला, तेव्हाही सहाव्याचा पत्ता नव्हता.

जॉर्डन अकराव्या खंडात मोकळे झाले. गाठी सुटू लागल्या, एकच शेवटचा खंड राहिला, असं ते सांगत होते. २००६ च्या मार्चमध्ये त्यांनी वाचकांना कळवलं की आपल्याला अमिलॉइडोसिस झाला आहे. या रोगात एक प्रकारचं प्रथिन अवयवांत साचत जातं. त्यांच्या बाबतीत ते हृदयात. १६ सप्टेंबर २००७ रोजी ते गेले. पण जाण्यापूर्वी त्यांनी एक केलं. लिहिण्याइतकी ताकद उरली नव्हती, तेव्हा त्यांनी घरच्यांना उरलेली गोष्ट तोंडी सांगितली. ती ध्वनिमुद्रित झाली, उतरवून घेतली गेली. अगदी शेवटचा प्रसंग त्यांनी स्वतः लिहून ठेवला होता.

आता माझा मुद्दा. अपुरा ग्रंथ दुसऱ्याने पुरा करणं आपल्याला नवं नाही. बाणभट्टाची ‘कादंबरी’ मुलाने पुरी केली; देवकीनंदन खत्रींची हिंदीतली ‘भूतनाथ’सुद्धा मुलानेच. इथे मात्र दोरी होती पत्नीच्या हातात, आणि ती नुसती पत्नी नव्हती. हॅरिएट मॅकडूगल या टॉर प्रकाशनाच्या नामांकित संपादक. जॉर्डन यांची पहिली कादंबरी त्यांनी स्वतःच्या छोट्या प्रकाशनातून काढली, लग्न नंतर, १९८१ मध्ये. मालिकेचा प्रत्येक खंड त्यांनीच संपादला, प्रकरणांची शीर्षकंही त्याच देत. म्हणजे कोणत्या पात्राने कोणत्या खंडात काय कबूल केलं आहे, याचं खातं ज्यांच्याकडे होतं, त्या या बाई. लेखक गेला तरी मालिका तगली, ती या खात्यामुळे. मुखपृष्ठावर त्यांचं नाव नाही.

लेखक निवडला तोही संपादकाच्या रीतीने. ब्रँडन सँडरसन नावाच्या तरुण कादंबरीकाराने जॉर्डनवर एक श्रद्धांजलीचा मजकूर लिहिला होता. तो बाईंच्या वाचनात आला. नुसत्या भक्तीवर त्या भाळल्या नाहीत. त्याची ‘मिस्टबॉर्न’ वाचली आणि मग काम दिलं. चार्ल्स्टनच्या घरी पोचल्यावर सँडरसनने आधी शेवट वाचायला मागितला. हाती आलं ते सुमारे दोनशे पानांचं साहित्य : काही पुरे प्रसंग, काही आराखडे, काही नुसत्या ओळी. सोबतीला अवाढव्य टिपणं आणि ती वर्षानुवर्षं सांभाळणारे दोन सहायक, मारिया सिमन्स आणि ॲलन रोमांचुक.

एका खंडाचे तीन झाले : २००९, २०१० आणि जानेवारी २०१३. शेवटच्या खंडात ‘शेवटची लढाई’ नावाचं एकच प्रकरण दोनशे पानांच्या आसपास जातं. सँडरसनने जॉर्डनच्या शैलीची नक्कल केली नाही. ती करवलीच नसती. त्याची वाक्यं आखूड आहेत, वेग जास्त आहे. कपड्यांच्या किनारी आणि चहाच्या पेल्यांची जॉर्डनी वर्णनं जवळजवळ गेली. मला ती आवडायची. पण पेरिनची बायको सात वर्षं ज्यांनी सोडवली, त्यांना हा वेग हवाच होता.

फसलं ते मॅटच्या बाबतीत. मॅट हा जुगारी, उडाणटप्पू, आणि मनाविरुद्ध सेनापती झालेला. जॉर्डनचा मॅट स्वतःला अत्यंत समंजस, पापभीरू माणूस समजतो आणि वागतो नेमका उलट. हसू येतं ते या दोहोंतल्या फटीतून. सँडरसनच्या पहिल्या खंडात तोच मॅट विनोद करू लागतो. वाचकांनी हे लगेच पकडलं आणि सँडरसननेही ते मोकळेपणी मान्य केलं. वीस वर्षं एका माणसाबरोबर राहिलेल्या वाचकाला टिपणं लागत नाहीत.

बाईंचा प्रत्येक निर्णय लोकांच्या गळी उतरला असंही नाही. शेवटच्या खंडाची ई-आवृत्ती त्यांनी तीन महिने मागे ठेवली, छापील पुस्तक आधी खपावं म्हणून. चिडलेल्या वाचकांनी पुस्तक न वाचताच एक-एक तारा देऊन निषेध नोंदवला. माझ्या मते त्यात वाचकांची बाजू बरोबर होती, पद्धत चुकीची.

राहता राहिली एक गोष्ट. मॅट आणि त्याच्या सम्राज्ञी पत्नीची पुढची कथा तीन पुस्तकांत लिहायची, असं जॉर्डन यांच्या मनात होतं. तिच्याविषयी टिपणात सापडली फक्त एक-दोन वाक्यं. मागणी होती, प्रकाशक तयार झाला असता, लेखक घरचाच झालेला होता. एवढ्या तुटपुंज्या आधारावर उभं केलेलं पुस्तक जॉर्डनचं राहणार नाही, म्हणून ते लिहायचं नाही असं ठरलं. २०१५ मध्ये बाईंनी त्या दोन सहायकांबरोबर एक जाडजूड ग्रंथ काढला. तो मालिकेतल्या माणसांचा, गावांचा आणि शब्दांचा कोश आहे, आणि त्याच्या मुखपृष्ठावर त्या तिघांची नावं आहेत.