निरोप कोणाच्या हातून पोहोचतो?

(वार्षिक संमेलनातील भाषण)



नव्या संपर्कसाधनांचा अभ्यास विद्वान लोक कोणत्या रीतीने करतात, या विषयावर माझ्यासारख्या मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या शिक्षकाने बोलावे, हे धाडसच होय. परंतु त्यास कारण घडले आहे. गतवर्षी एका शिष्यवृत्तीची मुदत वाढल्याचा निरोप आपल्या व्हॉट्सॲप-समूहावर फिरला. तो खोटा होता. त्यावर विसंबल्यामुळे आपल्यातील एका होतकरू मुलाचा अर्ज राहून गेला. समूहावर तो निरोप प्रथम मीच धाडला होता.

ही टोचणी घेऊन मी वाचावयास बसलो. अमेरिकेतील ओहायो राज्याच्या ईरी परगण्यात १९४० च्या निवडणुकीच्या वेळी पॉल लाझार्सफेल्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे ६०० मतदार निवडून त्यांनाच पुनःपुन्हा गाठून प्रश्न विचारले. नभोवाणी व वृत्तपत्रे मते थेट घडवितात, अशी तेव्हा समजूत होती. आढळले ते निराळेच. वृत्त प्रथम काही मोजक्या, शब्दाला वजन असलेल्या माणसांपाशी येते आणि त्यांच्या मुखातून इतरांपर्यंत जाते. मोबाइलच्या कितीतरी आधीचा हा सिद्धांत. पण वाचताना मला आपलीच आळी दिसू लागली.

२०१८ मध्ये सायन्स या नियतकालिकात आणखी एक संशोधन प्रसिद्ध झाले. ट्विटरवर २००६ ते २०१७ या काळात पसरलेल्या सुमारे १,२६,००० वार्ता त्यात तपासल्या होत्या. खरीपेक्षा खोटी वार्ता पुढे धाडली जाण्याचा संभव ७० टक्के अधिक आढळला, आणि दोष यंत्रांचा नसून मुख्यतः माणसांचाच निघाला. त्याच वर्षी १ जुलै रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणाऱ्या टोळीच्या अफवेपायी पाच निरपराध भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार केले. पुढे त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी धाडण्याची मर्यादा जाहीर केली.

ट्विटरवरील मजकूर उघडा होता, म्हणून तो मोजता आला. व्हॉट्सॲपवरील निरोप २०१६ पासून कुलुपबंद झाले आहेत. तेथे माणसांनाच विचारावे लागते. म्हणून वही घेऊन मी घरोघर गेलो. "निरोप खरा कशावरून वाटला?" एवढेच विचारीत असे. या रीतीतही उणीव आहे: माणसे विसरतात, संकोचतात, विचारणाऱ्याचे मन राखतात. तरी बहुतेक घरी एकच उत्तर आले. एक भगिनी तर चहाचा पेला पुढे ठेवीत म्हणाल्या, "गुरुजी, तुम्ही पाठविलेला, मग शंका कशी घ्यायची?" मला तो चहा गोड लागला नाही.

वहीत मी कोणाचेही नाव लिहिलेले नाही; घरांना केवळ क्रमांक दिले आहेत. पहिला क्रमांक माझ्या घराचा. त्या मुलाच्या वडिलांकडे मात्र वही न घेता गेलो होतो. यंदा मुदतीची तारीख मी त्या कार्यालयात समक्ष जाऊन पाहिली, मुलाला कळविली, आणि त्याचा अर्ज वेळेत गेला.